निळ्या गाडीचं वायरिंग

कोर्पिवारा, ९ सप्टेंबर १९९१

तौनो,

उभा असशील तर आधी बस. मी गाडी घेतली आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. लायसन्सही काढलं, तिसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला परीक्षक म्हणाला, "बाई, तुम्ही गाडी चालवत नाही, तिच्यावर खेकसता." मी म्हटलं, मी शाळेच्या स्वयंपाकघरात सगळं आयुष्य काढलंय, मला खेकसूनच काम करून घेता येतं. त्याला ते पटलं नाही. तिसऱ्या खेपेला दुसराच परीक्षक होता, त्याने मी शिजवलेला वाटाण्याचा रस्सा लहानपणी खाल्लेला निघाला. पण पास झाले ते माझ्या जिवावर, रश्शाच्या नव्हे.

आपल्या गावाची बस ऑगस्टपासून बंद झाली. माणसं नाहीत म्हणे. आम्ही जे उरलोय ते काय बटाटे आहोत? सायकलने इलोमांत्सीला जाऊन यायचं म्हणजे गुडघे बोलायला लागतात, आणि हिवाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणून गाडी. निळी आहे, मागे मोठी डिकी आहे. पालोनेन नावाच्या निवृत्त मोजणीदाराकडून घेतली. तो हिच्यामागे ट्रेलर लावून होडी न्यायचा. देताना एवढंच म्हणाला, "थोडे नखरे करते, पण स्वभावाने चांगली आहे." मला वाटलं बायकोबद्दल बोलतोय.

नखरे असे. ब्रेक दाबला की रेडिओ बंद. उजवा इंडिकेटर दिला की पुढचे दिवे मंद होतात आणि इंडिकेटरबरोबर डोळे मिचकावतात. डावीकडे वळले तरच हॉर्न वाजतो. वायपर एकदा आपणहून सुरू झाला, आकाशात ढग नसताना. आणि सकाळी निम्म्या वेळा बॅटरी उतरलेली असते. इलोमांत्सीचं गॅरेज वसंतातच बंद पडलं. पेट्रोलपंपावरचा रेइनो म्हणाला नवी बॅटरी घाल. घातली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तू तिकडे स्वीडनमध्ये आयुष्यभर बसच्या तारा जोडल्यास, आता इकडे फिनलंडात बहिणीच्या गाडीच्या जोड. तुझ्या मेहुण्याला, आर्वीला पुरलं तेव्हा तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. दीड वर्ष फोन उचलत नाहीस, त्याबद्दलही बोलत नाही. पण पत्राला उत्तर दे.

साइमा


एस्किल्स्तुना, २० सप्टेंबर

ताई,

आधी रेइनोला सांग, पेट्रोल भर आणि गप्प बस. बॅटरीचा काही दोष नाही. नवी बॅटरी घालणं म्हणजे बादलीला भोक आहे म्हणून जास्त पाणी ओतणं.

नीट ऐक. गाडीत वीज बॅटरीतून तारेने दिव्यापर्यंत जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. त्याला अर्थिंग म्हणतात. बॅटरीची जाड काळी तार जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते तिथे गंज धरला की विजेला घरी यायची वाट बंद होते. मग ती मिळेल त्या वाटेने येते, शेजाऱ्यांच्या अंगणातून, कुंपणावरून. इंडिकेटरची वीज हेडलाइटमधून परत येते, ब्रेकची रेडिओतून. म्हणून तुझी गाडी वेडी वाटते. वेडी नाही, तिला वाट मिळत नाही.

करायचं असं. आधी बॅटरीवरची काळी तार सोडव. काळी आधी, लाल नंतर, आणि लावताना लाल आधी, काळी शेवटी. हे विसरलीस तर पाना पत्र्याला लागून ठिणग्या उडतील. आर्वीचं घड्याळ मनगटावर घालतेस ना, ते काढून ठेव. मग काळ्या तारेमागे बोट ठेवून ती पत्र्याला जिथे भेटते तिथपर्यंत जा. तो बोल्ट काढ, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, ग्रीस लाव, गच्च आवळ. इंजिनपासून पत्र्याला जाणारी एक चपटी विणलेली पट्टी असेल, तिचंही तसंच.

कुठलाही सुटा भाग विकत घेऊ नकोस. कोणी काहीही म्हणो.

माझा फोन बिघडला आहे. तब्येत ठीक. एकसष्टाव्या वर्षी गाडी कशाला हवी होती ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या घरापासून दुकान सायकलवर जाण्याइतकं आहे आणि लेम्पी शेजारी आहे.

तौनो


कोर्पिवारा, ६ ऑक्टोबर

तौनो,

बोल्ट निघेना. त्यावर तेल ओतून रात्रभर ठेवला, मग आर्वीचा लांब पाना लावून लेम्पी आणि मी दोघी लोंबकळलो. निघाला तेव्हा दोघीही चिखलात. खालचा पत्रा जळक्या पावासारखा झाला होता. घासला. विणलेली पट्टी तर हातातच तुटून आली, नवी घ्यावी लागली. रागावू नकोस, तूच म्हणालास काही घेऊ नकोस, पण तुटक्या पट्टीला घासणार काय?

आता दिवे डोळे मिचकावत नाहीत. हॉर्न दोन्हीकडे वळताना वाजतो. लेम्पी म्हणाली, "तुझा भाऊ हुशार आहे, पण बोलतो मास्तरासारखा." मी म्हटलं, तो लहानपणी याहून वाईट होता.

मात्र ब्रेक दाबला की रेडिओ अजून बंद पडतो. आणि सकाळी बॅटरी अजून उतरते. रोज नाही. पाऊस झाला की हमखास.

आता दुसरं. गुरुवारी मी लेम्पीकडून तुला फोन केला. तो वाजला, आणि कोणीतरी उचलला. मी दोनदा हाक मारली. पलीकडे नुसता श्वास. मग ठेवला. बिघडलेला फोन असा उचलला जात नाही, तौनो. लेम्पीचं म्हणणं तुझ्या घरात कोणी बाई आली असेल आणि तिला माझ्यापासून लपवायचंय. असेल तर असू दे. तू छप्पन्न वर्षांचा आहेस, मी काय छडी घेऊन येणार आहे? पण आपल्या बहिणीचा आवाज ऐकून फोन ठेवणं हे मला झोंबलं. आर्वी गेला तेव्हा तुझ्याकडून फुलांचं चक्र आलं. चक्रावर बसून रडता येत नाही.

एक विचारायचं राहिलं. बोटीत गाडी चढवली तर बॅटरी काढून ठेवावी लागते का? लेम्पीच्या भाच्याला हवंय.

साइमा


एस्किल्स्तुना, १५ ऑक्टोबर

ताई,

पाऊस झाला की बॅटरी उतरते, हे तू पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतंस. म्हणजे कुठेतरी ओल लागते आहे आणि ओलीतून वीज गळते आहे.

सोबतच्या पार्सलमध्ये काही सुटे फ्यूज आणि एक टेस्ट लँप आहे. मी केलाय. लहान बल्ब आहे, एका टोकाला टोचणी, दुसऱ्याला चिमटा. गाडी बंद कर, किल्ली काढ, दारं लाव. काळी तार बॅटरीवरून सोडव. चिमटा त्या तारेला, टोचणी बॅटरीच्या त्याच खुंटीला. बल्ब लागला तर गाडी झोपेतही वीज खाते आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या रांगेत आहे. पावसानंतर कर, कोरड्या दिवशी चोर सापडणार नाही.

फ्यूज डॅशबोर्डखाली डावीकडे आहेत. फ्यूजऐवजी काही भलतंच खुपसलेलं दिसलं तर गाडी चालवू नकोस. मला लिही.

बोटीत बॅटरी काढावी लागत नाही. हँडब्रेक ओढायचा आणि पहिला गिअर टाकून ठेवायचा, एवढंच.

फोन तू चुकीचा लावला असशील.

तौनो


एस्किल्स्तुना, २४ नोव्हेंबर

ताई,

पार्सल मिळालं का? महिना उलटून गेला. तिकडे बर्फ पडलं असेल. टेस्ट लँप पोचलाच नसेल तर दुसरा करून पाठवतो, मला वेळच वेळ आहे.

फोनबद्दल जे लिहिलं ते बरोबर लिहिलं नाही. पण ते पत्रात नीट मांडता येत नाही.

निदान गाडीचं काय झालं ते कळव. नाहीतर लेम्पीला कळवायला सांग.

तौनो


कोर्पिवारा, २ डिसेंबर

तौनो,

पार्सल मिळालं. उघडलं नाही. रागावले होते, म्हणून मुद्दाम उघडलं नाही. आता वाटतं उघडलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या मंगळवारी लेम्पीला डोळे तपासायला योएन्सूला नेलं होतं. परत येताना दुपारचे साडेतीनच वाजले होते, पण तुला माहीत आहे नोव्हेंबरात तेव्हा किती अंधार असतो. दाट जंगलाचा पट्टा, रस्त्यावर बर्फाचा पातळ थर. वळणावर मी ब्रेक दाबला. आधी रबर जळल्याचा वास आला. लेम्पी म्हणाली, "साइमा, तू काही शिजत ठेवलंयस का?" आणि मग सगळे दिवे एकदम गेले. पुढचे, मागचे, आतले, सगळे. इंजिनही गेलं. मला स्वतःचे हात दिसेनात. गाडी घसरत घसरत रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली.

मागून लाकडांचा ट्रक येत होता. आवाज आधी आला, मग झाडांच्या शेंड्यांवर उजेड. मी किल्ली फिरवत होते, काहीच होत नव्हतं. लेम्पीच्या डोळ्यांत डॉक्टरने थेंब घातलेले, तिला धड दिसतही नव्हतं. तरी ती दार उघडून उतरली, आपला पांढरा स्वेटर काढला आणि वळणाकडे धावत सुटली. उणे पंधरात! नुसत्या ब्लाउजवर! स्वेटर डोक्यावर गरगर फिरवत, शिव्या देत. मी तिच्या तोंडून पन्नास वर्षांत अशा शिव्या ऐकल्या नव्हत्या. ट्रक थांबला. माझ्या दारापासून इतका जवळ, की मला त्याच्या लोखंडाची ऊब लागली.

ड्रायव्हर उतरला, तरणाताठा. म्हणाला, "आज्जी, इथे काय करताय?" लेम्पी म्हणाली, "कपडे वाळत घालतेय." मग ती रस्त्यातच बसली आणि तिला हुडहुडी भरली.

त्याने गाडी टोचन करून लेम्पीच्या अंगणात आणून सोडली. ती तिथेच उभी आहे. लेम्पी चार दिवस तापाने पडून होती, आता उठून बसते, पण गाडीकडे बघतही नाही. तिला काही झालं असतं तर? सांग ना. मला एकटीला मरायचं असतं तर गोष्ट वेगळी. मी तिला घेऊन बसले होते.

आता माझं ऐक. पत्रं लिहून लिहून गाडी दुरुस्त होत नाही. एक पत्र जायला आठवडा, यायला आठवडा. रविवारी, पंधरा तारखेला, दुपारी बारा वाजता मी लेम्पीकडे असेन. तिचा फोन खिडकीशी आहे आणि गाडी खिडकीखाली. तू फोन कर आणि मला तोंडी सांग, हे उघड, ते बघ. फोन आला नाही तर सोमवारी भंगारवाला येतोय. आणि मग मीही पत्र लिहिणार नाही. कंटाळले मी श्वास ऐकायला.

साइमा


कोर्पिवारा, १५ डिसेंबर, संध्याकाळ

तौनो,

फोन आला. तो कसा आला हे तुला ठाऊकच आहे, पण या बाजूने काय झालं ते लिहिते.

बाराला वाजला. मी उचलला तर बाईचा आवाज. लेम्पीने माझ्याकडे असं पाहिलं, बघ मी म्हटलं नव्हतं! ती बाई म्हणाली, "मी बिर्गिता. वर राहते. तौनो खाली राहतो. मी छोटी होते तेव्हा फिनलंड. मग लढाई, मग आगगाडी, मग स्वीडन. माझी भाषा छोटी आहे." तौनो, ती साठीकडे झुकलेली बाई पाच वर्षांच्या मुलीसारखी बोलत होती. लढाईच्या वेळी आईने गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून स्वीडनला पाठवलेल्या मुलांतली असणार. मला एकदम तिला जेवायला वाढावंसं वाटलं.

मग म्हणाली, "तौनो कागदावर लिहितो. मी वाचते. मावशी करते. चालेल?"

मी म्हटलं, चालेल.

"मावशी, ब्रुमब्रुमच्या पोटात, डावीकडे, छोटे छोटे दात. ते बघ." दात म्हणजे फ्यूज. मी खाली गाडीत डोकं घातलं, लेम्पी खिडकीत ब्लँकेट गुंडाळून रिसीव्हर धरून बसली, मी ओरडायचं, तिने ओरडून पुढे सांगायचं. तिसऱ्या जागी फ्यूज नव्हताच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खुपसली होती. लेम्पीने ते सांगितलं. पलीकडे काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज झाला, आणि बिर्गिता म्हणाली, "तौनो टेबलाला मारतो. तो वाईट शब्द लिहितो. मी तो वाचत नाही."

मग तिने मला डिकीकडे पाठवलं. "मागे जा. गालिचा वर. मोठं चाक झोपलं आहे. त्याच्याखाली पाणी?" स्टेपनीखाली बर्फ होता, पावाएवढा जाड. आणि त्या बर्फात होडीच्या ट्रेलरसाठी पालोनेनने ओढलेल्या तारा. नुसत्या पिळून जोडलेल्या, वर चिकटपट्टी, तीही सुटलेली. तिथे सगळं वितळून काळा गोळा झाला होता. ब्रेकची तार, कायम वीज असलेली तार आणि आणखी एक, तिन्ही एकमेकींना चिकटलेल्या. जागेवर खरा फ्यूज असता तर तो केव्हाच उडाला असता आणि आम्ही वाचलो असतो. चांदी उडत नाही. तार जळते.

"मावशी, काप," ती म्हणाली. "सगळ्या होडीच्या तारा काप. होडी नाही, तार नाही." मी कोंबड्या कापायच्या कात्रीने कापल्या. टोकं वेगवेगळी केली, चिकटपट्टी गुंडाळली. पुढे बॅटरीजवळ जळलेली जाड तार होती तिला लेम्पीकडच्या इस्त्रीच्या वायरीचा तुकडा जोडला. त्या तुकड्यावर गाडी फक्त पेट्रोलपंपापर्यंत न्यायची तुझी परवानगी होती, मला ठाऊक आहे. चांदीच्या जागी खरा फ्यूज, तुझ्या पार्सलमधला. पार्सल तेव्हा उघडलं. किल्ली फिरवली. ब्रेक दाबला. रेडिओवर चर्चची प्रार्थना चालू होती, ती चालूच राहिली.

लेम्पी खिडकीतून ओरडली, "लागली! तिला सांग लागली!" पलीकडे बिर्गिता टाळ्या वाजवत होती.

आणि तेव्हा मी आत आले आणि रिसीव्हर घेतला. बिर्गिता तुला काही सांगत होती, आणि तू हसलास. मला तो आवाज ऐकू आला. झाकण किंचित उघडं राहिलेल्या भांड्यातून वाफ यावी तसा.

इस्पितळात आर्वीच्या खोलीत पलीकडच्या खाटेवर कुओपिओचा एक सुतार होता. गळ्यावर पांढरा रुमाल बांधायचा. त्याची नात यायची तेव्हा तो असाच हसायचा. मी पाच महिने ते हसणं ऐकलं आहे.

मी फोनवर काही विचारलं नाही, बिर्गिताच्या छोट्या भाषेत ते मावलं नसतं. आता विचारते. तुझा आवाज कधी गेला?

ताई


एस्किल्स्तुना, २८ डिसेंबर

ताई,

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागलं. शस्त्रक्रिया सोमवारी झाली आणि आर्वी त्याच आठवड्यात गुरुवारी गेला. तुझी तार आली तेव्हा माझ्या नाकात नळी होती. फुलांचं चक्र बिर्गिताने पाठवलं, मी बोटाने खूण करून सांगितलं कुठलं ते. डेपोतून गुडघ्यांमुळे लवकर निवृत्त झालो असं तुला लिहिलं होतं, ते खोटं. गुडघे उत्तम आहेत.

आधी सांगितलं नाही कारण तू एका खाटेशी बसलेली होतीस. नंतर सांगितलं नाही कारण नुकतंच एक माणूस पुरलं होतंस. त्यानंतर मात्र कारण उरलं नाही, नुसती सवय झाली. लग्नात, बारशात, आईच्या वेळी चर्चमध्ये, सगळीकडे बोलायला मलाच उभं करायचे. आता माझ्याकडे एक यंत्र आहे, दाढीच्या मशीनसारखं. गळ्याला लावलं की घरघर करतं आणि तोंड हलवलं की त्या घरघरीचे शब्द होतात. लिफ्टमध्ये एकदा वापरलं, शेजारचं मूल रडायला लागलं. तेव्हापासून खणात आहे. फोन मी सवयीने उचलला होता. तुझा आवाज ऐकला आणि ठेववेना. मग ठेवला.

इस्त्रीची वायर ताबडतोब काढ. ती त्या कामाची नाही. योग्य जाडीची तार पाठवतो आहे, दोन्ही टोकांना शिशाचा डाग देऊन. फक्त बोल्टने आवळायची. डिकीत पाणी शिरतं ते मागच्या दिव्याच्या रबरातून, ते बदल. लेम्पीला माझा नमस्कार सांग. तिने जे केलं त्याबद्दल मला काय लिहावं सुचत नाही.

आणि एक. लेम्पीला भाचा नाही. ती एकुलती एक आहे. हे मला काल दात घासताना आठवलं. बोटीबद्दल तू का विचारलंस ते कळलं, आणि गाडी का घेतलीस तेही. येऊ नकोस, ताई. रस्ता लांब आहे आणि इथे बघण्यासारखं काही नाही.

तौनो


कोर्पिवारा, १२ जानेवारी १९९२

तौनो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा तारेचं वाचायचं राहिलं होतं म्हणून वाचलं. तार लावली. इस्त्रीची वायर लेम्पीला परत दिली, ती म्हणते आता इस्त्रीला जंगलाचा वास येतो.

चिडले ते असं. मी काय सहन करू शकते आणि काय नाही हे तू तिकडे बसून ठरवलंस. आर्वीला मी पाच महिने अंघोळ घातली, पुसलं, भरवलं. गळ्यातल्या एका भोकाला मी घाबरेन असं तुला वाटलं? त्या दीड वर्षात मी रोज ठरवत होते की माझं काय चुकलं. अंत्यविधीला तू आला नाहीस म्हणजे आर्वी तुला कधी आवडलाच नाही, इथपर्यंत मी जाऊन पोचले होते. ते खोटं होतं आणि मला ते कोणी सांगितलं नाही. तू एकट्याने आजारी पडलास. मला एकटीने रागावून ठेवलंस. यात कोणाचं भलं झालं?

हो, गाडी त्यासाठीच घेतली. तू फोन उचलत नव्हतास, येत नव्हतास. म्हटलं, दारात जाऊन उभं राहायचं. बस आणि आगगाडीनेही आले असते, पण मग तू दार उघडलं नसतंस तर त्याच पावली परत फिरावं लागलं असतं. गाडी असली की माणूस दाराबाहेर हवं तितकं बसून राहू शकतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, रस्ते कोरडे झाले की निघते. तुर्कूहून बोट. बिर्गितासाठी मासे भरलेला राय धान्याचा पाव आणते. तिने लहानपणी खाल्ला असणार, विचार तिला.

येऊ नकोस असं पुन्हा लिहायचं असेल तर लिही. मला अलीकडे वाचायला दिसत नाही.

ताई


एस्किल्स्तुना, ३ जून १९९२

ताई,

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. वाटेत एकही फ्यूज गेला नाही हे वाचून मी दिवसभर ताठ मानेने फिरलो.

तू इथे पंधरा दिवस राहिलीस, पण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. माझ्या यंत्राला लांबलचक बोलणं जमत नाही आणि तू मध्ये बोलतेस, म्हणून लिहितो.

स्टॉकहोमच्या बंदरावर तू मला पाहिलंस तेव्हा तुला वाटलं मी नुकताच आलो. मी बोट लागायच्या आधीपासून तिथे होतो, गोदामाच्या भिंतीआड. यंत्र खिशात होतं, गळ्याला बिर्गिताने विणलेला मफलर. ठरवलं होतं, लांबून बघायचं, तू धडधाकट आहेस एवढं पाहायचं, आणि लोकल पकडून घरी जायचं. तू घरी पोचशील तेव्हा दार लावून बसायचं की उघडायचं ते तेव्हा बघू. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

गाड्या बाहेर पडायला लागल्या. तुझी निळी गाडी उतारावर आली आणि मधोमध बंद पडली. मागे ट्रक, बस, सगळे हॉर्न वाजवायला लागले. तू उतरलीस, बॉनेट उघडलंस आणि आत डोकं घातलंस. तुला पुढचं दिसलं नाही. पिवळं जाकीट घातलेले दोन बंदराचे लोक आले. त्यांतला एक तुझ्या गाडीमागे साखळी लावायला लागला, ओढून बाजूला फेकायला. साखळी त्याने कुठे अडकवली माहीत आहे? जिथून तू होडीच्या तारा कापल्यास, त्याच कोपऱ्यात. आणखी दोन हात ओढलं असतं तर मागचा सगळा तारांचा जुडगा उपटून आला असता.

मी धावलो. धावताना गळ्यातून नुसता वारा जातो, तोंडातून काही निघत नाही. पोचलो आणि यंत्र काढून गळ्याला लावलं आणि जितकं मोठं करता येतं तितकं करून म्हणालो, "साखळी सोड. ती माझ्या बहिणीची गाडी आहे. वायरिंग मी केलंय." स्वीडिशमध्ये. सगळ्यांसमोर. त्या माणसाच्या हातातून साखळीच पडली. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. एक पोरगी म्हणाली, "आई, रोबो!" तिच्या आईने तिला चापट मारली. मारायला नको होती, पोरगी बरोबर बोलली.

मग तू बॉनेटखालून डोकं वर काढलंस. तुझ्या नाकाला ग्रीस होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, यंत्राकडे पाहिलंस, आणि काय म्हणालीस आठवतं? "उशीर केलास. पाना धर." मी पाना धरला. बॅटरीची काळी तार सैल झाली होती, दुसरं काही नाही. मी तुला गच्च आवळायला सांगितलं होतं, तू गच्च आवळली नव्हतीस.

तुझ्यासमोर मी त्या पंधरा दिवसांत जितका बोललो तितका दोन वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो. तू गेल्यावर यंत्र खणात ठेवलं नाही. परवा बेकरीत वापरलं. मी चार पाव मागितले तर बाईने पाच दिले, बहुतेक घाबरून.

आता येण्याचं. चार जुलैला शनिवारी दुपारच्या आगगाडीने योएन्सूला उतरतो. न्यायला ये. येताना टायरमधली हवा बघून घे, लांबचा रस्ता झालाय. बिर्गिताही यायचं म्हणते, तिला तिचं पहिलं गाव बघायचंय. ते कुठे आहे ते तिला माहीत नाही, फक्त दारापुढे विहीर होती एवढं आठवतं. लेम्पीला सांग, दोन दिवस तिला बिर्गिताशी बोलावं लागेल, सोप्या शब्दांत, शिव्या सोडून.

पहिल्या दिवशी आधी स्मशानात नेशील का? मला आर्वीशी बोलायचंय. तू जरा लांब उभी राहा. हे यंत्र कुजबुजत नाही, त्यामुळे तुला सगळं ऐकू जाईल. जाऊ दे.

तौनो